पावसाळी लागवडीसाठी रोपांची निवड: प्रकल्प नोंदी

५ एप्रिल: ऊन-सावलीचं मोजमाप

जागा तीन. अ: पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीपुढचा वाफा, ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद. ब: पानगळीच्या झाडाखालची ८ चौरस मीटरची पट्टी. क: घरातली उत्तरेची खिडकी, पूर्वेची खिडकी आणि जिन्याजवळचा कोपरा. मोजमाप पुरं होईपर्यंत यादीत एकाही रोपाचं नाव लिहायचं नाही.

सकाळी ७ ते संध्याकाळी ६, दर तासाला एकाच ठिकाणाहून फोटो. ‘अ’ला ऊन दुपारी साडेबारा ते सहा, म्हणजे साडेपाच तास. कागदावर हे अर्धं ऊन ठरतं, पण ते सगळं दुपारचं, वर भिंतीची धग. रात्री नऊला हात लावला तरी भिंत कोमट लागते. सकाळच्या साडेपाच तासांत खुशाल वाढणारी झाडं इथे पानांच्या कडांना करपतात, त्यामुळे ‘अ’ला पूर्ण उन्हाची जागा धरायची.

‘ब’मध्ये आत्ता भरपूर ऊन आहे, कारण वरचं झाड निष्पर्ण आहे. हा आकडा कामाचा नाही. पालवी भरली की त्याच जागी दिवसभर गडद सावली असते आणि लागवड नेमकी तेव्हाच होणार आहे. ‘ब’ सावलीची जागा.

उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही हा समज कर्कवृत्ताच्या दक्षिणेला वर्षभर टिकत नाही. तिथे जूनच्या मागेपुढे काही आठवडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन काचेतून आत येतं. पातळ पानांची रोपं त्या काळात काचेपासून अर्धा मीटर आत घ्यावी लागतात.

९ एप्रिल: माती

निचऱ्याची चाचणी: ३० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा, काठोकाठ पाणी. ते पूर्ण जिरल्यावर पुन्हा भरायचा आणि या दुसऱ्या वेळी ताशी पातळी किती उतरते ते मोजायचं. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, त्यावरून काही कळत नाही. ताशी अडीच ते साडेसात सेंमी उतरलं तर बहुतेक झुडपांना चालतं. ‘ब’मध्ये ५ सेंमी. ‘अ’मध्ये फक्त दीड.

बरणीची चाचणी: ‘अ’मधली माती एक तृतीयांश बरणीत, वर पाणी, चमचाभर भांडी घासायची पावडर, पाच मिनिटं जोरात हलवली. वाळू मिनिटाभरात तळाशी बसली, पोयटा (वाळूहून बारीक गाळ) दोन तासांत, चिकण माती दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळच. निम्म्याहून जास्त थर चिकण मातीचा.

सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) ७.८. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकल्यावर चांगला फेस आला, म्हणजे मोकळा चुना आहे. अशा मातीचा सामू गंधक टाकून उतरवत बसण्यात अर्थ नाही. चुना संपेपर्यंत गंधक खर्च होत राहतं आणि पाण्यातून नवा चुना येतच असतो.

१४ एप्रिल: नाकारलेली नावं

निवडीचं निम्मं काम इथेच होतं.

अनंत आणि एक्झोरा जमिनीत नाही. दोघांना सामू ५ ते ६.५ लागतो. ७.८ ला लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. फेरस सल्फेट घातलं तरी चुनखडीच्या मातीत ते लवकरच मुळांना न मिळणाऱ्या रूपात जातं. चिलेट म्हणजे लोह धरून ठेवणारं संयुग. त्यातल्या ईडीटीए चिलेटची पकड सामू साडेसहाच्या वर सुटते. ईडीडीएचए चिलेट टिकतं, पण दर हंगामात ते घालत बसण्यापेक्षा हे झाड कुंडीतच बरं.

कुंती नाही. भिंतीपुढे ती छान दिसली असती, चुनखडीही सोसते. पण सिट्रस सिला या किडीचं ते आवडतं झाड, आणि हीच कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवते. आवारात लिंबाचं झाड आहे.

कण्हेर नाही. वाफा वाटेला लागून आहे आणि कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो. वेडेलिया आणि घाणेरी नाहीत. दोन्ही जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत आहेत, आणि वेडेलियाचं एक पेर मातीत राहिलं तरी पुन्हा फुटतं.

होस्टा, पिओनी: फोटोत सुंदर. या झाडांना विश्रांतीसाठी खरी थंडी लागते. उष्ण हवेत पहिल्या वर्षी कंदातल्या साठ्यावर पानं येतात, पुढे झाड खंगत जातं. गझानियाला ऊन चालतं, पण भर पावसात ओल्या चिकण मातीत तिचा मधला कोंब कुजतो. शेवंती ‘अ’मध्ये नाही. भिंतीवर रात्रभर दिवा असतो आणि शेवंतीला कळ्या धरायला लांब, सलग अंधार लागतो. दिव्याखाली ती हिरवीगार राहते आणि फुलत नाही.

१९ एप्रिल: ‘अ’साठी झुडपं

झुडपाची आजची उंची बघायची नाही, पूर्ण वाढलेला घेर बघायचा. उंची छाटून आवरता येते. घेर दर महिन्याला छाटत बसलं की फुलांच्या कळ्याच कापल्या जातात. वाफा दीड मीटर रुंद असल्याने १.२ मीटरपेक्षा जास्त घेराचं काही नको. दोन झुडपांत १.२ मीटर, टोकाची दोन काठापासून ६० सेंमी आत: ६ मीटरमध्ये बरोबर पाच.

पक्की नावं: हॅमेलिया, खुजा प्रकार, २. जांभळी कोरांटी म्हणजे बार्लेरिया क्रिस्टाटा, २. पिवळ्या कोरांटीला काटे असतात, वाटेकडेला नको. मधोमध नीलचित्रक, १. तिन्ही दुपारचं ऊन सोसतात. हॅमेलिया उष्ण हवेत जवळपास वर्षभर फुलतो, कोरांटी पाऊस ओसरल्यावर. नीलचित्रक नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे कडक छाटणी त्याला मानवते. कोरांटीचं उलट: पावसाळा संपता संपता छाटली तर त्या वर्षीची फुलं गेली. तिची छाटणी फुलोरा सरल्यावरच.

जास्वंदीवरून बराच खल झाला. चुनखडीच्या मातीत तीही पिवळी पडते, शिवाय पिठ्या ढेकणाचं ते हक्काचं घर. एकच घ्यायची, मोठ्या कुंडीत, लिंबापासून लांब.

२४ एप्रिल: बहुवर्षायू

झुडपांपुढे ४५ सेंमीची पट्टी उरते. ३० सेंमी अंतराने, तिरक्या मांडणीत दोन ओळी: पुढे २०, मागे १९, एकूण ३९ रोपं. मोठ्या क्षेत्राचं गणित असं: ३० सेंमी अंतराला चौकट मांडणीत चौरस मीटरला ११ रोपं, तिरक्या मांडणीत सुमारे १३. ४५ सेंमीला अनुक्रमे ५ आणि ६.

तीन जाती, प्रत्येकी १३. एकेक रोप आलटून पालटून लावलं तर वाफा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, म्हणून तीन-चारच्या झुबक्यांत. पेंटास, रेन लिली, बुटकी कर्दळ. मागच्या ओळीत रेन लिलीच जास्त ठेवायची. झुडपं पसरली की ती ओळ दोन-तीन वर्षांत त्यांच्याखाली जाणार, आणि रेन लिलीचे कंद उकरून दुसरीकडे लावणं सगळ्यात सोपं.

रेन लिलीचे कंद ३ ते ५ सेंमी खोल. कोरड्या ताणानंतर पाऊस झाला की फुलतात, रोज पाणी दिलं तर नुसती पानं वाढतात. कर्दळीच्या गड्ड्याला दोन-तीन डोळे हवेत, खोली ८ ते १० सेंमी. कर्दळ शक्यतो पानांवर असताना निवडावी, कारण कर्दळीत विषाणू फार पसरलेला आहे: पानावर शिरांच्या दिशेने पिवळ्या रेघा, तुटक पट्टे. त्यावर औषध नाही, आणि गड्ड्यांतून तो पुढच्या प्रत्येक रोपात जातो. गंमत म्हणजे असंच पान कधीकधी ‘चित्रविचित्र पानांची खास जात’ म्हणून विकलं जातं. खऱ्या रंगीत पानाच्या जातीत पट्टे सगळ्या पानांवर सारखे आणि ठळक असतात.

‘ब’साठी स्पायडर लिली, नेफ्रोलेपिस फर्न आणि अबोली. सोनटक्क्याला सतत ओल लागते आणि तिथली ओल झाडाची मुळं पिऊन टाकतात, म्हणून वगळला.

३० एप्रिल: घरातली रोपं

लक्समापक (लक्स हे उजेडाचं एकक) पानाच्या उंचीवर, खिडकीकडे तोंड करून, दुपारी १२ च्या सुमारास. फोनमधल्या सेन्सरचा आकडा ढोबळ असतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. उत्तरेच्या काचेजवळ ५,५०० लक्स, एक मीटर आत १,४००, जिन्याचा कोपरा १८०. डोळ्यांना तो कोपरा उजेडाचाच वाटतो. डोळा जुळवून घेतो, पान जुळवून घेत नाही.

साधारण २५० च्या खाली काहीच नाही. तिथे झीझी आणि स्नेक प्लांट जगतात असं वाटतं, कारण ती साठवलेल्या अन्नावर काही महिने तग धरतात. नवं पान येत नाही ही खूण. कोपऱ्यात रोप हवंच असेल तर पांढरा एलईडी, पानावर किमान १,००० लक्स, रोज १२ तास, टायमरवर. तशी सोय होणार नसेल तर कोपरा रिकामा.

एक मीटर आत: झीझी, मनी प्लांट, हिरव्या पानांचा अ‍ॅग्लोनिमा. लाल-गुलाबी पानांचे अ‍ॅग्लोनिमा तिथे फिके पडतात, त्यांना काचेजवळची जागा. मॉन्स्टेराही काचेजवळ, कारण कमी उजेडात नव्या पानांना खाचा पडत नाहीत आणि देठ लांबत जातात. कॅलेथिया नाकारला: नळाचं पाणी क्षारयुक्त, पानांची टोकं जळत राहणार. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट वाढवायचा असेल तर गड्डा विभागूनच, पानाच्या तुकड्यापासून आलेलं पिल्लू साधं हिरवं निघतं.

मॉन्स्टेरा, मनी प्लांट, अ‍ॅग्लोनिमा यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावल्यास तोंडाची आग होते. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात ही उंचावर. हवा शुद्ध करतात म्हणून एकही रोप निवडलेलं नाही. नासाचा १९८९ चा तो गाजलेला प्रयोग बंद पेटीत झाला होता. उघड्या-मिटत्या दारांच्या खोलीत चार कुंड्यांनी फरक पडत नाही.

२८ मे: रोपवाटिकेत

प्रत्येक रोप याच क्रमाने पाहिलं.

आधी पानाची खालची बाजू, विशेषतः शिरेच्या आणि देठाच्या बेचक्यात. कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. बारीक जाळी आणि वरून पान धुरकट ठिपक्यांचं दिसलं तर लाल कोळी. पान कोऱ्या कागदावर झटकायचं, ठिपके चालू लागले तर खात्री. देठावरचा तपकिरी फोड नखाने निघाला तर खवले कीड.

मग बुंधा धरून हलकेच वर ओढायचा. मातीच्या गोळ्यासकट वर आला तर ठीक. रोप हातात आणि माती पिशवीत राहिली तर त्याची पिशवी नुकतीच बदललेली आहे. मोठ्या पिशवीतलं ते छोटं रोप, मुळं अजून धरलेली नाहीत.

मग पिशवी काढायची. विक्रेता नाराज होतो, तरी काढायची. मुळं पांढरी किंवा फिकट पिवळट, टोकं ताजी हवीत. तपकिरी, ओढल्यावर साल सुटून आत दोरा उरणारी मुळं म्हणजे मूळकूज. गोळ्याभोवती गोल फिरलेली बारीक मुळं चालतात, ती सोडवता येतात. पेन्सिलीएवढं जाड मूळ बुंध्याला वेढून गेलेलं असेल तर झुडूप घ्यायचं नाही. पहिली काही वर्षं काही कळत नाही, मग बुंधा जाड होतो, तो फास आवळतो आणि झाड ऐन भरात वाळतं.

अबोलीच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसल्या. घेवड्याच्या कुळातल्या झाडांच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने सुटतात. या मुळातच फुगलेल्या होत्या, सुटल्या नाहीत. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. तो सगळा लॉट सोडला, कारण असं एक रोप जमिनीत गेलं की ती माती वर्षानुवर्षं बाधित राहते. अबोलीऐवजी स्पायडर लिलीचे कंद वाढवले.

फुलांनी लगडलेलं रोप बाजूला ठेवून त्याच्याच शेजारचं, तळातून तीन-चार फुटवे असलेलं बुटकं रोप घेतलं. रंगाची खात्री हवी म्हणून एक कळी उघडलेली असली की पुरे. उंच, एकाच काठीचं रोप मोठं दिसतं म्हणून उचललं जातं, पण लावल्यावर ते निम्म्यावर छाटावंच लागतं.

२९ मे: विलगीकरण

घरातली रोपं तीन आठवडे इतर कुंड्यांपासून वेगळी. पिठ्या ढेकणाची अंडी फुटायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे एकदा स्वच्छ दिसलं म्हणून भागत नाही. पुंजका दिसला तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस, दर ५ दिवसांनी. फवारणीसाठी १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि १ ते २ मिली द्रव साबण. आधी साबण पाण्यात, मग तेल, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं जळतात. फवारणी संध्याकाळी, उरलेलं मिश्रण ठेवायचं नाही. फर्नवर आधी एका पानावर चाचणी.

बाहेरची रोपं शेडनेटखालून आली आहेत. पहिले चार दिवस सावलीत, मग रोज तासाभराने सकाळचं ऊन वाढवत दोन आठवडे.

३ जून: ‘अ’ वाफा उचलणं

ताशी दीड सेंमी निचऱ्यावर उपाय एकच: वाफा २० सेंमी उंच. ९ चौरस मीटरला १.८ घनमीटर भर लागली, तीन भाग पोयट्याची माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. खालची जमीन आधी टिकावाने १५ सेंमी मोकळी केली, नाहीतर दोन थरांच्या सांध्यावर पाणी साचतं. खत याहून जास्त घातलं तर ते कुजत जाऊन माती बसते आणि झुडपं खड्ड्यात जातात. चिकण मातीत चार पाट्या वाळू टाकण्याचा सल्ला वारंवार मिळतो. एवढ्या वाळूने निचरा सुधारत नाही, माती वाळली की विटेसारखी होते.

भर आणि भिंत यांच्यात ३० सेंमी मोकळी फट ठेवली. भिंतीला ओली माती टेकली की आत ओल उतरते.

१९ जून: लागवड

पहिल्या सरीवर लावलं नाही. कुदळीने बघितलं, ओल २५ सेंमीपर्यंत पोहोचल्यावर सुरुवात केली.

पिशवीतला लाल मातीचा घट्ट गोळा हा इथला खरा घोटाळा. तो तसाच लावला तर वाळल्यावर भोवतालचं पाणी आत घेत नाही, वाफा ओला आणि रोप तहानलेलं. गोळा बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवला, साधारण २० मिनिटं. मग बोटांनी बाहेरची तिसरा हिस्सा माती झाडली. गोल फिरलेल्या मुळांवर चार बाजूंनी एक सेंमी खोल उभ्या चिरा.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली गोळ्याएवढीच. खोल खणून पुन्हा भरला तर रोप खाली बसतं. गोळ्याचा माथा जमिनीपेक्षा २ सेंमी वर. खड्ड्यात खत नाही, उकरलेलीच माती परत. पाऊस चालू असला तरी प्रत्येक झुडपाला ८ ते १० लिटर पाणी, कारण मुळांभोवतीच्या पोकळ्या पावसाच्या सरीने भरत नाहीत. वाळलेल्या पानांचं ५ सेंमी आच्छादन, बुंध्याभोवती चार बोटं मोकळी. पहिलं खत महिनाभराने.

‘ब’मध्ये झाडाची मुळं तोडली नाहीत. छोट्या पिशव्यांतलीच रोपं घेतली होती, मुळांमधल्या फटींत बसली. भर घालायची नाही, मुळांवर ५ सेंमीहून जास्त माती चढली की मोठं झाडच गुदमरतं.

२३ जून: घरातल्या कुंड्या

मिश्रण: धुतलेलं कोकोपीट २ भाग, पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) १, सालीचे तुकडे १, गांडूळखत १. कोकोपीट धुताना पहिलं पाणी तांबूस आणि खारट निघतं, रंग फिका होईपर्यंत तीन-चार पाणी. झीझी आणि स्नेक प्लांटला कोकोपीट निम्मं, त्याऐवजी पर्लाइट.

नवी कुंडी जुनीपेक्षा ३ ते ५ सेंमीच रुंद. तळाशी खडी घातली नाही: मिश्रणातलं पाणी खडीच्या सीमेवर अडतं आणि ओला थर उलट वर, मुळांजवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

१८ जुलै: पाहणी

नीलचित्रकाची तळाची दोन-तीन पानं पिवळी. नव्या लागवडीत हे होतं, शेंडा हिरवा आहे तोवर काही करायचं नाही. जास्वंदीच्या कळ्या न उमलता गळल्या. दोन कळ्या उभ्या चिरून पाहिल्या: आत बारीक अळ्या नाहीत, फुलकिडे आहेत. गळलेल्या सगळ्या कळ्या वेचून पिशवीत बंद केल्या, कडुलिंबाची फवारणी सुरू. कर्दळीची गुंडाळलेली पानं उलगडून अळ्या हाताने काढल्या, तिथे फवारा आत पोहोचत नाही.

घरात मनी प्लांटच्या कुंडीवर चिलटं. वरचा ३ सेंमी थर वाळू देणं एवढाच इलाज, अळ्या ओल्या थरातच वाढतात. सोबत पिवळी चिकट पट्टी.

एका कोरांटीचा गोळा ३ सेंमी खाली बसला होता. फावड्याने खालून उचलून माती भरली, आच्छादन मागे सारलं. उरलेल्या चार झुडपांची पातळी पुढच्या मोठ्या पावसानंतर तपासायची. रेन लिलीच्या १३ पैकी ११ कंदांना पात आली आहे. उरलेले दोन उकरले: एक मऊ पडलेला, तो काढला. दुसरा कडक, परत लावला.